गोष्टींतून आलेली भाषा

भाषा आईच्या दुधाबरोबर येते, असे आपण सहज बोलून जातो. आणि ते खरेही आहे. मराठी घरात जन्मलेल्या मुलाला कोणी मराठी शिकवीत नाही. ती त्याला येते. पुढे शाळेत व्याकरण घोटून घेतात, शुद्धलेखनाच्या वह्या तांबड्या शाईने रंगवितात, तो भाग निराळा. पण या नियमात न बसणारा एक देश युरोपात आहे. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य जाहीर झाले. त्या वेळी त्या राज्यातील शंभर माणसांपैकी कितीजणांना इटालियन बोलता येत होती? तुल्लिओ दे माउरो या भाषापंडिताने १९६३ साली याचा हिशेब मांडला आणि उत्तर काढले : अडीच! पुढे दुसऱ्या एका पंडिताने जरा सढळ हाताने मोजले, तरी आकडा दहाच्या वर गेला नाही.

मग बाकीचे लोक काय मुके होते? मुळीच नाही. कोणी व्हेनिसची बोली बोलत होते, कोणी नेपल्सची, कोणी सिसिलीची, कोणी सार्डिनियाची. मिलानचा शेतकरी पालेर्मोच्या बाजारात उभा राहिला असता, तर त्याला भाजी खुणांनीच घ्यावी लागली असती. खुद्द राजा व्हित्तोरिओ एमानुएले घरात पीडमाँटची बोली बोले, आणि त्याचा चतुर प्रधान कावूर याला इटालियनपेक्षा फ्रेंच अधिक सोयीची वाटे.

इटली आपल्याकडे माहीत झाली ती मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या नावाने. मॅझिनीच्या आत्मचरित्राचे सावरकरांनी केलेले मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते भक्तिभावाने वाचले. देश एक कसा झाला, ही कथा त्या पिढीला ठाऊक होती. पण देशाची भाषा एक कशी झाली, ही कथाही तितकीच नवलाची आहे, आणि तिच्यात तलवारीचे काम फार थोडे आहे. त्या भाषेचा मोठा वाटा लोकांनी गोष्टींच्या पुस्तकांतून उचलला.

मला या विषयाची गोडी लागली त्याला एक घरगुती कारण आहे. इटालियन मी शिकलो ती पुण्याच्या घरी बसून, एक जाडजूड शब्दकोश आणि गोष्टींची काही पुस्तके एवढ्याच भांडवलावर. आमचे एक स्नेही नेहमी म्हणत, “अहो, गोष्टी वाचून का कुठे भाषा येते? त्या लोकांत जाऊन राहायला हवे.” त्यांना उत्तर द्यावे म्हणून मी इतिहास चाळू लागलो, आणि पाहतो तो काय, मी ज्या पायवाटेने चाललो होतो तिच्यावर खुद्द इटालियनांच्याच पिढ्यान्‌पिढ्यांची पावले उमटलेली!

या वाटेचा आरंभ चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये होतो. दांतेचा जन्म तिथे १२६५ साली झाला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. तेव्हा दांते पंचविशीत होता. पंडितांची भाषा सोडून लोकांच्या बोलीत सर्वोच्च ते सांगावे, हा विचार नेवाशाला आणि फ्लॉरेन्सला एकाच सुमारास सुचला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. दांतेने तर इटलीच्या बोलींची पाहणी करून एक ग्रंथही लिहिला. त्यात त्याने निदान चौदा बोली मोजल्या, आणि त्या सर्वांत, अगदी आपल्या फ्लॉरेन्सच्या बोलीतही, दोष काढले. गंमत म्हणजे बोलीभाषेची थोरवी सांगणारा हा ग्रंथ त्याने लिहिला लॅटिनमध्ये. कारण पटवावयाचे होते ते पंडितांना.

दांतेने काव्य दिले. गोष्ट दिली ती जोव्हान्नी बोक्काच्चोने. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेगने हाहाकार उडविला. त्या वेळी सात तरुणी आणि तीन तरुण शहर सोडून टेकडीवरच्या बंगल्यात जाऊन राहतात, आणि दहा दिवस रोज प्रत्येकी एक अशा शंभर गोष्टी सांगतात, ही त्याच्या ‘देकामेरोन’ची मांडणी. वेताळपंचविशी किंवा पंचतंत्र वाचलेल्या मराठी माणसाला हा घाट परका वाटणार नाही. गोष्टींच्या पोटात गोष्टी, आणि त्यांत राजेरजवाडे, व्यापारी, भोंदू साधू, चतुर बायका, सगळा संसार भरलेला.

यातली चिकिबिओ आचाऱ्याची गोष्ट मला फार आवडते. त्याच्या धन्याने ससाण्याकडून एक क्रौंच पक्षी मारविला आणि मेजवानीसाठी भाजायला दिला. वास सुटला. चिकिबिओच्या मनात भरलेली ब्रुनेत्ता नावाची मुलगी आली आणि पक्ष्याची एक तंगडी मागून हटून बसली. प्रेमापुढे आचाऱ्याचे काय चालणार? तंगडी गेली. पाहुण्यांच्या पानात एक पायाचा पक्षी आला, तेव्हा धन्याने खुलासा विचारला. चिकिबिओ म्हणाला, क्रौंचाला पाय एकच असतो. धनी संतापला, पण पाहुण्यांदेखत तमाशा नको म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला नदीवर घेऊन गेला. पाहतात तो काठावर बारा क्रौंच एका पायावर उभे! चिकिबिओचा जीव भांड्यात पडला. धन्याने मात्र पुढे होऊन ‘हो, हो’ अशी आरोळी ठोकली, तसे पक्ष्यांनी दुसरे पाय खाली टाकले आणि ते उडाले. “आता काय म्हणतोस?” घाबरलेल्या आचाऱ्याला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे! तो म्हणाला, “पण धनी, कालच्या पक्ष्याला आपण ‘हो, हो’ केलेच नाही!” धनी हसला आणि आचारी वाचला.

या गोष्टीत भाषेची एक खोच आहे. चिकिबिओ व्हेनिसचा, आणि बोक्काच्चोने त्याच्या तोंडी व्हेनिसच्याच हेलाचे बोल घातले आहेत. फ्लॉरेन्सच्या वाचकांनी त्याला हसावे, हा हेतू उघड आहे. आपल्या जुन्या नाटकांत पुण्याच्या प्रेक्षकांना हसविण्यासाठी एखादे पात्र हेल काढून बोले, तसेच हे. आता काळाचा विनोद पाहा. पावणेदोनशे वर्षांनी, १५२५ साली, पिएत्रो बेम्बो या मोठ्या विद्वानाने भाषेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध करून नियम घालून दिला, की इटलीत ज्याला उत्तम लिहावयाचे असेल त्याने पद्य पेत्रार्कासारखे लिहावे आणि गद्य बोक्काच्चोसारखे. हा बेम्बो कुठला? व्हेनिसचा! चिकिबिओच्या गाववाल्यानेच चिकिबिओला हसणाऱ्याची भाषा डोक्यावर घेतली. आरिओस्तोसारख्या उत्तरेकडच्या थोर कवीनेही आपले ‘ओर्लांदो फुरिओझो’ हे महाकाव्य या नव्या कसोटीला लावून १५३२ च्या आवृत्तीत सुधारून घेतले.

पण त्यामुळे एक पेच उभा राहिला. भोंदू साधू आणि लबाड धर्मगुरू यांची टर उडविणारे ‘देकामेरोन’ रोमच्या धर्मपीठाने १५५९ साली निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातले. पुस्तक जाळावे, तर उत्तम गद्याचा नमुनाच जातो. ठेवावे, तर धर्म बुडतो. अखेर फ्लॉरेन्समध्ये विद्वानांची एक समिती बसली आणि १५७३ साली पुस्तकाची ‘शुद्ध’ आवृत्ती निघाली. चावट गोष्टींतल्या धर्मगुरूंचे सामान्य गृहस्थ झाले. पापे बरीचशी तशीच राहिली, पापी तेवढे बदलले! भाषेसाठी धर्मपीठालाही एवढी तडजोड करावी लागली, यावरून त्या गोष्टींचे वजन कळते.

पुढे १५८३ साली फ्लॉरेन्समध्ये ‘अकादेमिया देल्ला क्रुस्का’ स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचा कोंडा वेगळा करून पीठ तेवढे घ्यावयाचे, हे तिचे काम, आणि पीठ चाळण्याचे यंत्र हे तिचे चिन्ह. १६१२ साली तिने मोठा शब्दकोश छापला. त्याचा पाया फ्लॉरेन्सच्या जुन्या लेखकांवर, त्यातही दांते, पेत्रार्का आणि बोक्काच्चो या तिघांवर होता. याच सुमारास, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. काम वरवर सारखेच. फरक एवढाच, की नाथांनी ग्रंथ निर्मळ केला आणि स्वतः मात्र आपल्या काळच्या मराठीत भारुडे लिहिली. इटलीत मात्र जुना शब्द हाच प्रमाण ठरला. परिणाम व्हायचा तोच झाला. लिहिण्याची भाषा दोन-तीनशे वर्षे काचेच्या कपाटात जाऊन बसली, आणि बाजारहाट, भांडणे, लाडीगोडी हे सारे बोलींत चालू राहिले.

ते कपाट उघडण्याचे श्रेय आलेस्सांद्रो मान्झोनीकडे जाते. त्याचा जन्म मिलानचा, १७८५ सालचा. घरी मिलानची बोली, बाहेर फ्रेंच. त्याला कादंबरी लिहावयाची होती, तीही दोन गरीब खेडुतांची. ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, हे तिचे नाव. सतराव्या शतकात लोंबार्डीवर स्पेनचा अंमल असताना रेन्झो आणि लुचिया यांचे लग्न एक गावगुंड सरदार मोडू पाहतो, ही तिची कथा. सरदाराच्या धमकीने भ्यालेला धर्मगुरू दोन आब्बोंदिओ लग्न लांबविण्यासाठी रेन्झोच्या तोंडावर लॅटिन शब्दांचा भडिमार करतो. बिचारा रेन्झो हतबुद्ध होतो. मग तो वकिलाकडे जातो. फी म्हणून चार जिवंत कोंबडे पायांना धरून नेतो, आणि ते उलटे लोंबकळणारे प्राणी वाटेत एकमेकांनाच टोचीत राहतात. वकील सरकारी जाहीरनाम्यातली जडजंबाल भाषा त्याला वाचून दाखवितो आणि शेवटी हाकलून देतो. ज्याला भाषा येत नाही त्याला धर्मही फसवितो आणि कायदाही, हे दु:ख इतक्या हसत्या चेहऱ्याने फार थोड्यांनी सांगितले असेल.

पण हे सांगावयाचे कोणत्या भाषेत? गरिबाची बाजू घेणारी कादंबरी पंडिती भाषेत लिहिणे म्हणजे पुन्हा दोन आब्बोंदिओचेच लॅटिन! १८२७ साली पुस्तक निघाले, गाजले. तरी मान्झोनीचे समाधान होईना. त्याच वर्षी तो कुटुंबकबिल्यासह फ्लॉरेन्सला गेला आणि तिथली जिवंत बोली त्याने कानांनी टिपली. आर्नो नदीच्या पाण्यात आपल्या मजकुराची धुणी खळबळून काढली, अशा अर्थाचे त्याचे बोलणे इटलीत पुढे म्हणीसारखे रूढ झाले. मिलानमध्ये राहणारी फ्लॉरेन्सची एक शिक्षिका, एमिलिया लुती, हिलाही तो शब्द विचारीत असे. ‘तो’ या अर्थी ग्रंथात ‘एल्यी’ लिहीत आणि लोक ‘लुई’ म्हणत. मान्झोनीने ठिकठिकाणी ‘लुई’ केले. अशी वाक्यावाक्याची धुलाई करून १८४० ते १८४२ या काळात त्याने तीच कादंबरी भागाभागांनी पुन्हा प्रसिद्ध केली. लेखक पुस्तके लिहितात. आपलेच गाजलेले पुस्तक नव्या भाषेत पुन्हा लिहून काढणारा लेखक विरळा.

१८६८ साली, ऐंशीच्या पुढे गेलेल्या या म्हाताऱ्याने सरकारला अहवाल दिला, की फ्लॉरेन्सच्या चालू बोलीचा कोश करा आणि तिकडचे शिक्षक देशभर धाडा. कोशाचे काम सुरू झाले. पण १८७३ साली आस्कोली नावाच्या पंडिताने विरोधाचा झेंडा उभारला. हा संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या ध्वनींचा तौलनिक अभ्यास करणारा जाडा विद्वान. त्याने कोशाच्या नावातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवले. ‘नवा’ या अर्थी सारा देश ‘नुओव्हो’ लिहितो. कोशाने फ्लॉरेन्सच्या उच्चारासाठी ‘नोव्हो’ छापले होते. भाषा हुकुमाने पसरत नाही, लोक लिहू-वाचू लागले आणि विचारांची देवघेव वाढली म्हणजे ती आपोआप जमते, असे त्याचे म्हणणे. निकाल काळाने दिला. आज इटलीत ‘नुओव्हो’च म्हणतात. मान्झोनीचा फतवा राहिला बाजूला. त्याची गोष्ट मात्र शाळाशाळांतून गेली आणि मुले तिच्यातूनच गद्य शिकली.

मुलांचे नाव निघाले आणि पिनोक्किओ आला नाही असे कसे होईल? कार्लो कोल्लोदी हा फ्लॉरेन्सचा, आणि गंमत अशी, की वर सांगितलेल्या त्या कोशाच्या कामातही त्याचा हात होता. जुलै १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात त्याने लाकडी बाहुल्याची गोष्ट सुरू केली. पंधराव्या प्रकरणात बाहुल्याला झाडाला फाशी देऊन त्याने ती संपवूनही टाकली होती. पण बालवाचकांनी गलका केला, तेव्हा पुढच्या वर्षी त्याला पिनोक्किओला पुन्हा जिवंत करावे लागले. १८८३ साली पुस्तक निघाले. त्यातला एक प्रसंग मला इटालियन भाषेच्या साऱ्या इतिहासाचे सार वाटतो. म्हातारा जेप्पेत्तो बर्फ पडत असताना अंगातला कोट विकून पोरासाठी अंकलिपी आणतो. पोरगे शाळेच्या वाटेवर ढोल ऐकते, आणि तीच अंकलिपी चार पैशांना विकून बाहुल्यांच्या खेळाला जाऊन बसते! कोल्लोदी वरकरणी त्याला रागे भरतो. पण मनातून त्याला ठाऊक होते, की मूल अंकलिपीपेक्षा खेळाकडेच धावणार. म्हणून त्याने खेळातच अंकलिपी दडवून ठेवली.

माझा अनुभवही याला साक्ष आहे. इटालियन क्रियापदाचा एक दूरचा भूतकाळ आहे. उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात तो फारसा ऐकू येत नाही, आणि व्याकरणाच्या तक्त्यात त्याची रूपे पाहिली तर छाती दडपते. पण गोष्टीत सारे काही त्याच काळात घडते. आपल्या पोथ्यांत राजा ‘बोलता झाला’ आणि राणी ‘निघती झाली’ असे येते ना? ते रूप आपण कधी पाठ केले नाही. आजीच्या मांडीवर कहाणी ऐकताना ते कानांत शिरले. पिनोक्किओची पन्नास पाने झाली आणि तो दूरचा भूतकाळ माझ्या कानाला तसाच ओळखीचा वाटू लागला. पुढे काय झाले हे कळण्याची उत्सुकता असली, म्हणजे क्रियापद आपण होऊन वाट देते.

१८७७ सालच्या कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती. या मुलांच्या हाती १८८६ च्या ऑक्टोबरात, शाळा उघडण्याच्या सुमारास, दे आमिचिसचे ‘क्वोरे’ म्हणजे ‘हृदय’ हे पुस्तक आले. तुरीनच्या शाळेतल्या एका मुलाची ही रोजनिशी. वर्गात दक्षिणेकडच्या कालाब्रियाचा नवा मुलगा येतो आणि गुरुजी सर्वांना त्याचे स्वागत करायला सांगतात. दर महिन्याला गुरुजी एक गोष्ट देतात. एकीत पाडुआचा मुलगा, दुसरीत लोंबार्डीचा, तिसरीत फ्लॉरेन्सचा, चौथीत सार्डिनियाचा. आणि सगळे बोलतात एकच इटालियन! प्रत्यक्षात ते असे बोलले नसते. देशाने पुढे कसे बोलावे, याचे ते स्वप्न होते. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणाऱ्या आपल्या घरांना ‘क्वोरे’ने इटलीतल्या घरांवर काय केले असेल, हे सांगायला नको.

आणि या वाटेने चालून कोणी कुठवर पोचू शकते? सार्डिनिया बेटावर, नुओरो या डोंगराळ गावात, १८७१ साली ग्राझिया देलेद्दा जन्मली. तिची बोली सार्डिनियाची. इटालियन तिला जवळजवळ परकीच. मुलींची शाळा चौथीपर्यंत, तिथे तिचे शिक्षण थांबले. पुढची भाषा तिने थोड्याशा शिकवणीवर आणि हाती लागेल ते पुस्तक वाचून मिळविली. १८८८ साली, ऐन किशोरवयात, तिची गोष्ट रोमच्या एका नियतकालिकात छापून आली. मुलीच्या जातीने गोष्टी लिहाव्या, म्हणून गावाने नाके मुरडली. तिचे इटालियन ओबडधोबड आहे, म्हणून टीकाकारांनी नावे ठेवली. ती लिहीत राहिली, आणि १९२६ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले.

मात्र या उजेडामागे सावलीही आहे. त्रिएस्तेचा इतालो स्वेव्हो हा बोलीत वाढलेला, जर्मन शाळेत शिकलेला. त्याच्या १९२३ सालच्या कादंबरीचा नायक तक्रार करतो, की आम्ही तोस्कानी शब्द उच्चारला की खोटेच बोलतो. कारण जे कोशात सापडेल तेवढेच सांगतो, मनातले सांगत नाही. पुस्तकातून आलेली भाषा अंगाला बसेपर्यंत अशी बोचते खरी. शिवाय ज्याच्या घरात पुस्तकच नाही त्याचे काय? फ्लॉरेन्सच्या उत्तरेला बार्बियाना या वस्तीत दोन लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने डोंगरातल्या मुलांची शाळा चालविली. १९६७ साली त्या मुलांनी आपल्या गुरुजींसह एक पुस्तक लिहिले आणि सरकारी शाळांना खडसावून विचारले, की आमच्या घरची भाषा तुमच्या पुस्तकातली नाही, म्हणून आम्हाला नापास का करता? रेन्झोचेच नातू-पणतू ते. पण या वेळी त्यांना उत्तर देता येत होते.

सर्व श्रेय पुस्तकांना देणे न्यायाचे होणार नाही. पलटणीत भरती झालेले, पोटासाठी गाव सोडून कारखान्यांत आलेले, असे लाखो लोक एकत्र आले तेव्हा बोलण्याला सामाईक भाषा लागलीच. १९५४ साली दूरचित्रवाणी आली. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी या शिक्षकाने पडद्यावरून प्रौढांना लिहावाचावयास शिकविले. चुलत्या-काकांपासून आज्यांपर्यंत सारे त्याच्यापुढे पाटी घेऊन बसले. पण या सर्वांनी जी भाषा उचलली ती आयती तयार होती, आणि ती तयार केली होती गोष्टी सांगणाऱ्यांनी.

ही वाट अजून बुजलेली नाही. झुंपा लाहिरी या लेखिकेचे आईवडील बंगाली, जन्म लंडनचा, कीर्ती इंग्रजी कथांची. २०१२ साली ती रोमला राहायला गेली, आणि इंग्रजी वाचन बाजूला सारून इटालियन वाचू लागली. २०१५ साली तिने इटालियनमध्येच लिहिलेले पुस्तक निघाले, २०१८ साली कादंबरी. आणि २०१९ साली तिने चाळीस इटालियन लेखकांच्या कथा निवडून इंग्रजी वाचकांपुढे ठेवल्या. नुओरोच्या मुलीला आणि कलकत्त्याशी नाळ असलेल्या या बाईला भाषा एकाच दाराने मिळाली. त्या दारावर जन्मदाखला कोणी मागत नाही.

आता आमच्या त्या स्नेह्यांचे नातू अमेरिकेत आहेत. मुलांना मराठी समजते, पण बोलताना अडते, म्हणून आजोबा कष्टी असतात. बडोदे, इंदूर, तंजावर येथल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा राखली ती कशावर? घरच्या बोलण्यावर खरी. पण पोथ्या, कहाण्या आणि टपालाने येणारी मासिके यांचाही तिला आधार होता. मी त्यांना एवढेच सुचविले, की नातवांना पाठवायच्या फराळाच्या डब्यात या वर्षी चकल्यांच्या शेजारी एक गोष्टींचे पुस्तक ठेवा. अंकलिपी नको, चांगले चोर-दरोडेखोरांचे, राक्षसांचे, पुढे काय झाले म्हणून रात्री झोप लागू न देणारे पुस्तक ठेवा. शब्द अडला तर मुले फोन करतील, आणि मग आजोबांनाही चार शब्द बोलायला मिळतील.